वरून कोरडे, आतून ओले

महोदय,

पाऊस ओसरला की गोव्यातल्या आमोणे, सुर्ला, सावर्डे भागातल्या धक्क्यांवरून लोहखनिजाचा माल बार्जमध्ये (सपाट तळाच्या मालवाहू होडीत) भरून मुरगाव बंदरात जहाजांकडे निघतो. चार दिवसांच्या उन्हात राशीचा वरचा थर वाळतो, तांबडी धूळ उडू लागते. हातभर खोल फावडे घातले तर आत माल काळपट, मुठीत दाबला की बोटांचे ठसे धरून बसणारा. तरीही ओलावा तपासायचा नमुना पुष्कळदा वरवरचाच उचलला जातो, आणि हे फार धोक्याचे आहे.

लोहखनिजाच्या भुकटीत कणांच्या फटींमध्ये पाणी असते. समुद्रात जहाज डोलते, इंजिनाची थरथर चालू असते. माल दबतो, फटी आवळतात, पाण्याला वाट न मिळून त्याचा दाब वाढतो. मग कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ढीग चिखलासारखा वाहू लागतो. एका झोक्यात तो कुशीला सरकतो, उलट झोक्यात पुरता परत येत नाही, आणि जहाज कलंडत जाते. खनिज जड, त्यामुळे होल्ड, म्हणजे जहाजातला मालाचा कप्पा, अर्धाही भरत नाही. सरकायला जागाच जागा. २००९ मध्ये मंगळुरूजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोज’ बुडाली, तेव्हा दोन्ही जहाजांत अशीच भुकटी होती.

अशा सुट्या मालाच्या सागरी वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक आहेत. आर्द्रतेचा नमुना घेणे आणि माल चढवणे यांत सात दिवसांहून जास्त अंतर नको. मध्ये जोराचा पाऊस झाला तर तपासणी पुन्हा. नमुने राशीच्या पूर्ण उंचीतून, पोकलेनने कापा घेऊनच काढावेत.

जहाजावर डब्याची चाचणीही होते. अर्धा ते एक लिटरचा डबा अर्धा भरायचा आणि वीस सेंटिमीटरवरून कठीण पृष्ठभागावर, सेकंद-दोन सेकंदांच्या अंतराने, पंचवीस वेळा आपटायचा. वर पाणी चमकले किंवा माल सपाट बसला, तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत लोडिंग बंद. पण डबा कोरडा दिसला म्हणून माल सुरक्षित ठरत नाही, हे डेमरेजच्या (जहाज खोळंबल्याच्या दंडाच्या) भीतीने घाई करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

कप्तानाने नाकारलेली बार्ज धक्क्यावर परत नेऊन रिकामी करावी, माल पसरून वाळवावा. वर कोरडा थर टाकून तीच बार्ज पुन्हा जहाजाला लावू नये.

– एक वाचक, वास्को