सायकल ट्रॅक म्हणजे बर्फ टाकायची जागा नव्हे

संपादक महोदय,

हिवाळ्यात सायकलस्वार कमी, म्हणून ट्रॅक सावकाश साफ केला तरी चालेल, हा युक्तिवाद उलटा आहे. ट्रॅक साफ नसतो म्हणूनच लोक सायकल घरी ठेवतात. फिनलंडच्या ओउलू शहरात थंडी कडाक्याची, तरी तिथे हिवाळाभर सायकली धावतात, कारण ट्रॅकची निगा वेळेवर राखली जाते.

ताज्या, भुसभुशीत बर्फाचा थर दोन-चार सेंटीमीटरचा असेल तर सायकल त्यातून सहज जाते. खरा धोका नंतरचा. पावलांचे ठसे आणि चाकांचे चर दुपारी ओलावतात, रात्री गोठून टणक होतात. अशा चराच्या काठाला पुढचे चाक तिरके घासले की हँडल वळत नाही आणि तोल जातो. मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले की बहुधा पडणेच! म्हणून खिळ्यांचा (बर्फावर पकड यावी म्हणून धातूचे बारीक खिळे बसवलेला) एकच टायर घेणार असाल तर तो पुढे लावा. हवा थोडी कमी ठेवा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान आकड्याखाली नको. चर ओलांडायचा तर शक्य तितका काटकोनात, ब्रेक न लावता.

पण सगळा भार सायकलस्वारावर का? रस्ता साफ करणारी गाडी बर्फ कडेला ढकलते, आणि ती कड म्हणजे नेमका ट्रॅक. ढीग दिवसा वितळतो, पाणी ट्रॅकवर पसरते, रात्री त्याची काच होते. ढीग ट्रॅकच्या उताराकडच्या बाजूला टाकला तर हे टळते. नुसते मीठ फेकूनही भागत नाही. मोटारींची चाके मीठ आणि बर्फ घुसळतात, सायकलींना ते जमत नाही. शिवाय उणे दहा अंशांच्या खाली साध्या मिठाचा परिणाम फारच मंदावतो. आधी ब्रशने तळापर्यंत झाडावे, मग मिठाचे पाणी फवारावे. कडाक्याच्या थंडीत बारीक खडीच बरी.

भेगा आणि खड्डे मात्र हिवाळ्याआधीच बुजवायला हवेत. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि भेग रुंदावते. वर बर्फ बसला की खड्डा दिसतही नाही. बर्फ सरल्यावर खडी झाडून नेण्याचे कामही कंत्राटात लिहावे. कोरड्या डांबरावर, वळणावर, तीच खडी सायकल घसरवते.

– एक वाचक