तुडतुड्याचे मूळ ऑगस्टच्या फवारणीत

संपादक महोदय, स.न.वि.वि.

ऑक्टोबर लागला की भंडारा-गोंदियातून ‘तुडतुड्याने धान जाळला’ अशा बातम्या येतात आणि खापर ढगाळ हवेवर फुटते. तुडतुडा म्हणजे धानाच्या बुंध्यातला रस शोषणारा किडा; त्याने पीक जळल्यासारखे वाळते. हवेचा वाटा आहेच. पण ऑगस्टमध्ये बांधीत (धानाच्या शेतात) काय फवारले होते, हे कोणी विचारत नाही.

रोवणीनंतर महिनाभराने पाने गुंडाळणारी अळी दिसू लागते. पानांवरचे पांढरे पट्टे पाहून शेतकरी दुकान गाठतो आणि सायपरमेथ्रिनसारखे स्वस्त औषध घेऊन येतो. खरे तर फुटवे येण्याच्या काळात चुडीमागे (रोपांच्या एका झुपक्यामागे) एखादे पान गेले तरी पीक ते भरून काढते. या फवारणीत अळीबरोबर तुडतुड्याला खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूणही मरतात. तुडतुड्याची अंडी मात्र पानाच्या आवरणात रुतलेली असल्याने वाचतात. आठवडा-दीड आठवड्यात पिल्ले निघतात, तेव्हा त्यांना खाणारे बांधीत कोणी नसते. इंडोनेशियाला हा अनुभव महागात पडला. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

मिरीडची ओळख नसल्यामुळे त्यालाच कीड समजून औषध मारले जाते. तो जेमतेम तीन मिलिमीटरचा, हिरवट, काळ्या खुणांचा, लांब मिशांचा असतो आणि भराभर धावतो. आवरणात सोंड खुपसून तुडतुड्याची अंडी शोषतो. तुडतुडा तपकिरी, बुंध्याशी चिकटून बसणारा. हात लावला की खोडाआड तिरका सरकतो.

वरून पाने पाहून तुडतुडा कळत नाही. बांधीत तिरपे चालत वीसेक चुडी निवडाव्यात, प्रत्येक वाकवून बुंध्यावर थाप मारावी आणि पाण्यावर पडलेले किडे मोजावेत. चुडीमागे दहा तुडतुडे ही फवारणीची नेहमीची मर्यादा. तामिळनाडूच्या शिफारशीत फुटव्यामागे एक तुडतुडा धरतात आणि चुडीत कोळी असेल तर दोन. आपल्याकडच्या सल्ल्यातही कोळ्याला असे स्थान मिळायला हवे.

धानाची दुसरी कीड म्हणजे खोडकिडा. त्याच्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकमची कार्डे आहेत; ही इवलीशी गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यांत वाढून ती मारते. कार्डावर चिकटवलेल्या अंड्यांतून या माश्या निघतात. हेक्टरी ५०,००० अंडी, म्हणजे एकरी साधारण एक कार्ड, दर आठवड्याला. पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला संध्याकाळी टाचाव्यात. कार्ड घरी पडून राहिले तर गांधीलमाश्या पिशवीतच बाहेर पडतात. मुंग्याही अंडी पळवतात. त्या आठवड्यात फवारणी केली तर पैसे पाण्यात. रोवणीआधी पऱ्ह्यांचे (रोपांचे) शेंडे खुडले तर त्यावरचे खोडकिड्याचे अंडीपुंज तिथेच जातात, फुकटात.

युरियाही एकदम ओतू नये; अर्धे नत्र रोवणीला, उरलेले फुटवे आणि लोंबी गर्भात असताना. दाट रोवणी आणि जास्त नत्र म्हणजे तुडतुड्याला मेजवानीच. दर दोन-तीन मीटरवर एक फूट पट्टा मोकळा सोडला तर हवाही खेळते आणि फवारणाऱ्यालाही शिरता येते.

मर्यादा ओलांडलीच, तर आधी बांधीतले पाणी काढावे. पायमेट्रोझिन ५० टक्के एकरी १२० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून, नोझल बुंध्याकडे वळवून मारावे. वरून शिंपडलेले औषध खाली बसलेल्या तुडतुड्यापर्यंत पोचत नाही.

– एक वाचक, साकोली (जि. भंडारा)