गुरूचे चार चंद्र कापसाच्या भावाखाली छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या मुलांच्या पानावर ‘शनीला 62 चंद्र, गुरूला 67’ असं चौकटीत आलं होतं. माझ्या आठवीतल्या पोरीनं ते वहीत उतरवून घेतलं, म्हणून हे पत्र. ते आकडे कधीचेच शिळे झाले आहेत. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मार्चमध्ये, एकट्या शनीच्या नावावर 128 नवे चंद्र चढले आणि त्याची बेरीज 274 वर गेली. गुरूचेही आता शंभराच्या आसपास आहेत. पण आकडा चुकला ही माझी खरी तक्रार नाही. त्यातले बरेचसे चार-दोन किलोमीटरचे धोंडे आहेत, उद्या आणखी सापडतील आणि तुमची चौकट पुन्हा शिळी होईल. कोंडवाड्यातली ढोरं मोजावी तसे चंद्र मोजले आणि विषय संपवला, हे मला खटकलं. कारण त्यातले चार मी हल्ली रोज रात्री वावरातून पाहतो.

आमचं वावर टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला आहे. हरभऱ्याला घाटे धरले की रोही (नीलगाई) आणि रानडुकरं एका रात्रीत या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत साफ करतात, म्हणून जागल करावीच लागते. (ओलिताची लाइनही आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीचीच असते. ते गाऱ्हाणं दुसऱ्या पत्रात.) पुतण्या अभयारण्यात गाईड आहे. त्यानं नवी दुर्बीण घेतली आणि जुनी मला दिली. 10 बाय 50 ची आहे, पट्टा तुटलेला, उजव्या भिंगात जराशी बुरशी. दिली होती रोही पाहायला.

यंदा 10 जानेवारीला गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला होता. दिवस बुडाला की तो पूर्वेला उगवतो, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, आणि आजूबाजूला त्याच्याइतकं ठळक काही नसतं. दुर्बीण नुसती हातात धरली तर सगळं थरथरतं. मी मचाणाच्या खांबाला दुपट्टा गुंडाळला, त्यावर ती टेकवली, श्वास रोखला. मधे पिवळसर वाटाणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत तीन बारीक ठिपके.

शेजारच्या वावरातले काकाजी तंबाखू मागायला आले होते. ‘काय पाहून रायला बे, रोही हाय का?’ मी म्हटलं, गुरूचे चंद्र आहेत, पाहा. त्यांनी बराच वेळ डोळा लावला. ‘किती म्हने?’ चार. ‘तीनच हायेत. चौथं कुठं चरायले गेलं?’

चौथा गुरूच्या लखलखाटात हरवला होता. दुसऱ्या रात्री तो बाहेर आला. काकाजींनी आल्या आल्या आधी दुर्बीण मागितली, तंबाखू नंतर.

गॅलिलिओलाही पहिल्या रात्री, 7 जानेवारी 1610 ला, तीनच दिसले होते. चौथा त्याला आठवडाभरात सापडला. चौघांची नावं आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो. गॅनिमिडचा व्यास 5268 किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहाहूनही मोठा. आपला चंद्र पृथ्वीपासून 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. आयो गुरूपासून 4 लाख 22 हजारांवर, म्हणजे दावं जवळपास तेवढंच लांब. पण आपला चंद्र एका फेऱ्याला 27 दिवस घेतो आणि आयो साडेबेचाळीस तासांत फेरा पुरा करतो, कारण दाव्याच्या मधला खुंटा पृथ्वीच्या 318 पट वजनाचा आहे.

हे फेरेही हिशेबात बसलेले आहेत. गॅनिमिडचा एक होतो तेवढ्यात युरोपाचे दोन आणि आयोचे चार. दर वेळी ठरल्या ठिकाणी शेजाऱ्यांची ओढ बसल्यानं आयोची वाट कधी पुरती गोल होत नाही. तो गुरूच्या कधी जरा जवळ, कधी जरा दूर जातो, आणि त्या कमी-जास्त ओढीनं आतून सतत मळला जातो. कुंपणाची तार तोडायला पक्कड नसली की आपण ती पुढंमागं वाकवत राहतो आणि तुटायच्या वेळी बोट चटकतं, तीच गोष्ट. 1979 च्या मार्चमध्ये व्हॉयेजर 1 यानाच्या फोटोंत आयोवर ज्वालामुखी उसळताना दिसले, ते या वाकवण्याच्या उष्णतेचे. युरोपावर तीच उष्णता जरा बेतानं मिळते, म्हणून वरच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र असावा असं मानतात. तो पाहायला निघालेलं युरोपा क्लिपर यान 2030 च्या एप्रिलमध्ये गुरूपाशी पोचायचं आहे. तेव्हा पोरीची बारावीची परीक्षा नुकतीच झालेली असेल.

शनीचा टायटन हा चंद्र माझ्या दुर्बिणीला जमत नाही. पण 2005 च्या संक्रांतीला, 14 जानेवारीला, आपण तिळगूळ वाटत होतो त्या दिवशी हायगेन्स यान त्याच्यावर उतरलं आणि गोटे पडलेल्या नदीपात्रासारख्या जागेचा फोटो पाठवला. गोटे पाण्याच्या बर्फाचे आणि तिथला पाऊस मिथेनचा. असं काहीतरी चौकटीत आलं असतं तर पोरीनं ते पाठ केलं नसतं, मला येऊन सांगितलं असतं.

आता मागणी. तुम्ही रोज बाजार समित्यांतले कापसाचे आणि तुरीचे भाव छापता, त्याच्याखाली दोन बोटं जागा सुटते. तिथं एक रेघ मारा, मधे गुरूचा गोळा आणि त्या रात्री नऊ वाजता चार चंद्र जिथं असतील तिथं चार ठिपके, खाली आ, यु, गॅ, कॅ. पूर्व कोणत्या हाताला हेही लिहा. वेळ नऊचीच ठेवा, कारण मध्यरात्री गुरू अगदी डोक्यावर येतो आणि खांबाचा टेकू कामाचा राहत नाही. हे गणित आधीच करून ठेवलेलं असतं, तुम्हाला फक्त रोज उतरवायचं आहे. पावसाळ्यात बंद ठेवलंत तरी हरकत नाही.

सुरू केलंत तर पहिला महिना मी आणि काकाजी रोज ताडून पाहू. ठिपका चुकीच्या बाजूला पडला तर पोस्टकार्ड येईल.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. केळापूर, जि. यवतमाळ