एसएमपीएसचे नाव बिलावर हवे

संपादक महोदय,

माझा मुलगा चिपळूणला घरूनच इमारतींच्या त्रिमितीय आराखड्यांचे काम करतो आणि रात्री त्याच संगणकावर गेम खेळतो. त्याच्यासाठी मुंबईहून सुटे भाग जुळवून डेस्कटॉप करून घेतला, तेव्हा प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांची नावे मॉडेलसह बिलात आली. संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएससमोर मात्र नुसते ‘६०० वॅट’ लिहिलेले होते. दुसऱ्या पावसाळ्यात तो एसएमपीएस गेला आणि जाताना सगळे भाग जोडणारा मदरबोर्डही घेऊन गेला. हाती घेतलेले काम अडकले ते वेगळेच.

घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा स्थिर पुरवठा तयार करणारा हा भाग आहे. डेस्कटॉपच्या भागांसाठी असलेल्या एटीएक्स मानकाप्रमाणे १२ व्होल्टचा पुरवठा ठरलेल्या मर्यादेच्या आतच राहिला पाहिजे. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते, आराखड्याचे रेंडरिंग, म्हणजे त्यापासून अंतिम चित्र तयार करणे, तासन्‌तास चालते, आणि या दोन्ही ताणांत सुमार एसएमपीएसची लायकी कळते. ‘८० प्लस’ ही मोहोर वीज किती वाया जात नाही एवढेच सांगते. व्होल्टेज वाढल्यास किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास एसएमपीएस स्वतःहून बंद पडेल का, हे त्यावरून कळत नाही. ते मॉडेलच्या माहितीतच पाहावे लागते, आणि मॉडेलच ठाऊक नसेल तर पाहणार कसे?

अर्थिंगची गोष्टही मला तेव्हाच समजली. आमच्या जुन्या घरात तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नव्हती. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तिकडे आम्ही वर्षभर दुर्लक्ष केले. विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर जादा दाबाची वीज वळवताना अर्थिंगचाही आधार घेतो, त्यामुळे आमच्याकडचा पूर्ण संरक्षण देऊच शकत नव्हता.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. म्हणून संगणक विक्रेत्यांच्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे की, जुळवून दिलेल्या प्रत्येक डेस्कटॉपच्या बिलावर एसएमपीएसची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहिण्याची पद्धत त्यांनी पाडावी. चांगल्या एसएमपीएसला सात ते दहा वर्षांची वॉरंटी मिळते, पण बिलावर नोंदच नसेल तर ती मागणे अवघड जाते. नवा एसएमपीएस घेताना मी आग्रह धरला, तेव्हा दुकानदाराने हे सारे लिहून दिले. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.

आपला,
एक वाचक, चिपळूण