तुम्ही पाठ फिरवलीत त्याबद्दल

आदरणीय उद्यान पर्यवेक्षक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. "ताई, कुणी चांगलं लिहिलं तरी वर उत्तर मलाच द्यावं लागतं," असं तुम्ही एकदा बोलून गेला होतात, ते माझ्या लक्षात आहे. पण हे पत्र लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. परवा सकाळी बाबा एकटे, कुणाचा हात न धरता, बागेच्या फाटकातून आत गेले. मी रस्त्याच्या पलीकडे मिरच्या घेत उभी होते. भाजीवाली दोनदा "ताई, पैसे" म्हणाली तेव्हा कुठं मी भानावर आले.

बाबांना कंपवात होऊन सहा वर्षं झाली. पार्किन्सन म्हटलं की लोकांना थरथरणारे हात आठवतात. हात आम्ही कधीच सोडून दिले. चहा अर्धा कप ओतायचा, शर्टाला बटणांऐवजी वेल्क्रो लावायचं, झालं. खरा छळ पायांचा. मोकळ्या सपाट जागेत बाबा बरे चालतात. पण दार आलं, अरुंद वाट आली, वळायची वेळ आली की पाय जमिनीला खिळून बसतात. मन पुढं निघालेलं असतं, अंग पुढं झुकतं आणि पाऊल मात्र उचलत नाही. अशा वेळी कुणी हात धरून ओढलं तर माणूस तोंडावर पडतो. "चला, चला" म्हणून घाई केली तर पाय आणखी घट्ट चिकटतात. हे आम्हाला समजायला दीड वर्ष आणि मनगटाचं एक फ्रॅक्चर लागलं.

आणि आपल्या बागेचं फाटक कसलं होतं? दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून लोखंडी पाइपांची नागमोडी वाट. आधी डावीकडे वळा, मग उजवीकडे, आणि दोन पाइपांमध्ये जेमतेम एका माणसापुरती जागा. बाबांचे पाय अडवायलाच कुणी ती बांधली असावी, असं मला वाटायचं. मोटरसायकली त्यातूनही आत जायच्याच. पोरं पुढचं चाक उचलून सराईतपणे काढायची. अडायचे ते माझे बाबा, बाबागाडीवाल्या आया आणि कोपऱ्यावरच्या इमारतीतली चाकाच्या खुर्चीतली ती मुलगी.

तुमच्या आधी तिथं जे होते, त्यांच्याकडे मी तीन वर्षं खेटे घातले. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा वाचून काढला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलंय आणि पार्किन्सन त्यात नावानिशी आहे. आधीच्या, १९९५ च्या कायद्यात सातच होते. मी ते अर्जात लिहिलं. बागा, उद्यानं, क्रीडांगणं हे ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांच्या कारभाराच्या यादीत, बाराव्या अनुसूचीत घातलंय, तेही लिहिलं. अर्जावर शिक्का मिळाला. पुढं काय झालं ते विचारायला गेले तर साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. एकदा सापडले तेव्हा खुर्चीतून न उठता म्हणाले, "मॅडम, एवढा त्रास असेल तर त्यांना घरातच फिरवा ना. गॅलरी असेल की तुमची."

ते वाक्य मी बाबांना आजतागायत सांगितलेलं नाही. त्यांनी हे वाचलं तर आज कळेल.

माझे बाबा ३४ वर्षं शाळेत खेळाचे मास्तर होते. अर्धं गाव त्यांना सर म्हणतं. खो-खोचं २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद मैदान ते दोरी, चार खुंट्या आणि फक्कीचा डबा एवढ्यावर पाऊण तासात आखायचे. रेघ जराशी वाकडी गेली तर पायानं पुसून पुन्हा मारायचे. या माणसाला गॅलरीत फिरवा! आमची गॅलरी सहा पावलांची आहे आणि सहाव्या पावलाला वळावं लागतं.

मग आम्ही आमची युक्ती काढली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी घरात शिकवली होती. चालण्याची आपोआप चालणारी लय या आजारात बिघडते, पण समोर ओलांडायला काही दिसलं की पाय उचलतो. म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणि न्हाणीघराच्या दारात आम्ही जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात. बाबा त्या एकेक ओलांडत जातात. तेच मी बागेच्या फाटकात करायला लागले. रोज सकाळी पिशवीतून पिवळ्या टेपचा रोल काढायचा, वाकून चार पट्ट्या चिकटवायच्या, बाबांना आत घ्यायचं. दहा वाजेपर्यंत झाडूवाल्या मावशींनी त्या खरडून काढलेल्या असायच्या. त्यांची चूक नाही, त्यांना तसं सांगितलेलं होतं. "गेटवर कचरा चिकटवू नका," असं वॉचमननं मला चारचौघांत सुनावलंही होतं.

तुम्ही रुजू होऊन आठवडा झाला असेल. मी वाकून टेप लावत होते आणि मागून कुणीतरी विचारलं, "ताई, हे कशासाठी?" आवाजात दरडावणी नव्हती, पण मला सवय नव्हती, म्हणून मी भांडायच्या तयारीनंच उभी राहिले. तुम्ही ऐकून घेतलंत. मध्ये एकदाही बोलला नाहीत. मग बाबांना विचारलंत. मला नाही, बाबांना. "सर, दोन पट्ट्यांत किती अंतर पाहिजे?" आजार झाल्यापासून दुकानदार, डॉक्टर, रिक्षावाले, सगळे त्यांच्याबद्दलचे प्रश्न मला विचारतात. ते शेजारी उभे असताना मला विचारतात! बाबांचा आवाज आता बारीक झालाय, शब्द यायला वेळ लागतो. तुम्ही थांबलात. बाबा म्हणाले, "चालून दाखवतो."

माळीमामांनी नुकतंच पाणी मारलं होतं. ट्रॅकवरची माती ओली होती. बाबा वीस-पंचवीस पावलं चालले आणि त्यांच्या चपलांचे ठसे उमटले. तुम्ही पँट वर सरकवून उकिडवे बसलात, खिशातून टेप काढलात आणि एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत मोजायला लागलात. एकच पाऊल नाही, आठ-दहा पावलं. तळहातावर पेनानं आकडे लिहिलेत. उठताना गुडघ्याला चिखल लागला होता, तो तसाच ठेवून पुढच्या बागेला गेलात.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला आम्ही पोचलो तर फाटकात पांढऱ्याशुभ्र रेघा. तीन पहिल्या वळणाला, तीन दुसऱ्या. तुमच्या हातात फक्कीचा डबा होता आणि बोटं चुन्यानं पांढरी झाली होती. फक्कीच्या रेघा बघून बाबांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, मी प्रयत्नही करत नाही.

पण मला ज्याचे आभार मानायचे आहेत ते त्याच्या पुढचं. बाबा पहिल्या रेघेशी येऊन थांबले. पाय खिळले. अशा वेळी काय होतं ते मी रोज बघते. आजूबाजूचे सगळे बघायला लागतात. कुणी वाईट मनानं बघत नाही, पण बघतात. कुणी च्च करतं, कुणी धावत येऊन दंड पकडतं, कुणी मोबाइल काढतं. आणि ज्यानं काही मदत केलेली असते तो तर हमखास बघत उभा राहतो, आपली युक्ती चालते का ते बघायला. तुम्ही पहाटे येऊन सहा रेघा मारल्या होत्यात. बघायचा हक्क कुणाला असेल तर तो तुम्हाला होता.

तुम्ही पाठ फिरवलीत. जास्वंदीच्या कुंपणाकडे तोंड केलंत आणि माळीमामांना मोठ्यानं विचारलंत, "या नळीचा जोड कुठून गळतोय हो?" माळीमामाही समजले आणि तेही पलीकडे वळले. बाबांना बघणारं कुणी उरलं नाही, माझ्याशिवाय, आणि मीही मान खाली घातली. रेघ ओलांडल्याचा, चप्पल टेकल्याचा आवाज मी ऐकला. मग दुसरा. सहा झाले तेव्हा तुम्ही वळलात आणि जणू बाबा आत्ताच आलेत अशा आवाजात म्हणालात, "नमस्कार सर. आज थंडी आहे जरा."

पाठ फिरवणं म्हणजे काय ते मी तीन वर्षं अनुभवलं होतं. कुणाची लाज राखायला माणूस पाठ फिरवतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन मी खूप रडले. बाबा दिवसभर बोलले नाहीत, पण दुपारी त्यांनी शिटी शोधायला सांगितली. शाळेतली जुनी शिटी. का, ते विचारलं नाही. शोधून दिली.

नंतर तुम्ही फाटकही बदललंत. ते कुठल्या निधीतून झालं, कुणाच्या सह्या लागल्या, हे मला माहीत नाही. आता तिथं एका बाजूला पाइप काढून सरळ रुंद वाट आहे, चाकाची खुर्ची सहज जाते, आणि चुन्याच्या जागी पिवळ्या रंगाच्या पक्क्या रेघा आहेत. रंगात वाळू मिसळून घेतलीत, पावसात घसरू नये म्हणून, हे माळीमामांनी सांगितलं. ज्यांनी "मोकळं फाटक ठेवलं तर गाड्या घुसतील" म्हणून आम्हाला वाटेला लावलं, त्यांनी एकदा येऊन बघावं. गाड्या घुसत नाहीत, कारण आता फाटकाशी माणूस असतो.

आणि ते फाटक सहाला उघडतं! ज्यांच्या घरी असा आजार नाही त्यांना याचं मोल कळणार नाही. बाबांची गोळी साडेपाचची. तासाभरात अंग मोकळं होतं आणि ते मोकळेपण दोन-तीन तासच टिकतं. पूर्वी पाटीवर वेळ सहाची आणि कुलूप निघायचं सव्वासातला, कधी साडेसातला. तेवढा वेळ आम्ही फुटपाथवर उभे. गोळीचा निम्मा असर कुलपासमोर वाया जायचा. तुम्ही आल्यापासून एकदाही तसं झालेलं नाही. एकदा वॉचमन आजारी होता तर तुम्ही स्वतः किल्ली घेऊन आला होतात, डोक्याला माकडटोपी, पायात घरातल्या चपला.

तुमच्याकडे एकच बाग नाही हेही मला ठाऊक आहे. गावातल्या सगळ्या बागा, तो पोहण्याचा तलाव, दोन मैदानं, आणि हाताखाली मोजकी रोजंदारीवरची माणसं. तरी झोपाळ्यांच्या साखळ्यांचे आकडे झिजलेत का ते तुम्ही हातानं ओढून बघता. घसरगुंडीखालची दगडासारखी झालेली वाळू उकरून घेतलीत. जुन्या बहाव्याच्या बुंध्याला लोकांनी गळ्यापर्यंत काँक्रीट आवळलं होतं. तुम्ही ते फोडून आळं करवलंत, आणि यंदा मे महिन्यात त्या झाडाकडे बघून बाबा किती वेळ बसले होते! पाचोळा आता जळत नाही, कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातो. आधी रोज सकाळी धूर असायचा आणि लोक त्यात प्राणायाम करायचे.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगतात. तरुणपणी ते स्पर्धांसाठी मुंबईला शिवाजी पार्कवर जायचे. १९२५ साली खुलं झालेलं ते मैदान, आधी त्याचं नाव माहीम पार्क होतं. त्यांना तिथली खेळपट्टी आठवत नाही, भोवतीचा बुटका कट्टा आठवतो. त्या कट्ट्यावर म्हातारे, पोरं, हमाल, साहेब, कुणीही येऊन टेकतं आणि तू कोण म्हणून कुणी विचारत नाही. "बाग अशी पाहिजे," ते म्हणतात, "माणसाला बाहेर उभं राहायला लावणारी नको." मला वाटतं, चांगली माणसंही तशीच असतात, त्या कट्ट्यासारखी. त्यांच्यापाशी जाताना अर्ज लागत नाही. अशी माणसं सरकारी खात्यांत आहेत, बँकांत आहेत, एसटीच्या खिडकीवर आहेत. आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही, कारण काम झालं की आपण घरी जातो. तक्रार मात्र तीन-तीन प्रतींत लिहितो, मीच लिहिल्यात. म्हणून हे एक पत्र तुमच्यासाठी, एकाच प्रतीत, मनापासून.

ती चाकाच्या खुर्चीतली मुलगी आता रोज संध्याकाळी येते. बाबांनी शिटी तिला दिली आहे. बाबा ट्रॅकवर चालतात, ती कडेला बसून त्यांच्या फेऱ्या मोजते आणि फेरी पुरी झाली की शिटी मारते. काल पाच झाल्या.

आणखी एक निरोप आहे, बाबांचा. त्यांनी हे पत्र तुम्हाला जातंय म्हणून मुद्दाम सांगायला लावलंय. फाटकातली चौथी रेघ डावीकडे जराशी तिरकी गेली आहे. पुढच्या वेळी रंग द्यायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा. दोरी धरायला दोन माणसं लागतात. एका टोकाला ते बसतील. सुतळीचा गुंडा आणि दोन खुंट्या त्यांनी काढून दाराशी ठेवल्या आहेत.

तुमची,
सरांची मुलगी