शटलकॉकमधला धोटा

मा. संपादक,

स.न.

आपल्या क्रीडा पानावरील बॅडमिंटनच्या लेखात ‘शटलकॉक हा शब्द पुण्यातल्या इंग्रजांनी घडवला’ असे विधान आहे. ते चुकीचे आहे. शिवाय पुण्याचे जे खरे श्रेय आहे, ते त्याने झाकले जाते.

हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्याही आधीपासून. त्या काळी तिकडे पिसे खोचलेले बूच छोट्या फळ्यांनी एकमेकांकडे टोलवत. ते खाली पडू द्यायचे नाही, एवढाच खेळ. नेट नव्हते. शटल म्हणजे विणकराचा धोटा. आम्हा इचलकरंजीकरांना तो वेगळा सांगावा लागत नाही. दोन्ही टोकांना निमुळता लाकडी तुकडा, पोटात बाण्याच्या सुताची कांडी; ताण्याचे धागे वरखाली उघडले की मधून तो या कडेचा त्या कडेला सुटतो आणि पुढच्या फटक्याला परत येतो. खेळातल्या बुचाचीही तीच ये-जा, म्हणून ते नाव. कॉक म्हणजे कोंबडा. तो बहुधा पिसांमुळे चिकटला असावा. पिसे मात्र कोंबड्याची नसतात. हंसाची किंवा बदकाची 16 पिसे बुचात बसवतात आणि एका फुलात, म्हणजे शटलकॉकात, सगळी एकाच बाजूच्या पंखाची घेतात, त्यामुळे ते हवेत एकाच दिशेने गिरक्या घेत जाते. एवढी कारागिरी, आणि वजन जेमतेम पाच ग्रॅम! पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया भागात आजही हे काम हाताने चालते. खेळाडूंइतकीच त्या कारागिरांचीही दखल कधीतरी घ्यावी.

आता पुण्याविषयी. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या जुन्या खेळाला मधे नेट आणि दोन बाजूंची चुरस दिली. तो ‘पूना’ या नावानेच ओळखला जाई, आणि 1873 च्या सुमारास त्याचे नियम पुण्यात लिहिले गेले, असे बॅडमिंटनचा इतिहास सांगतो. पुढे इंग्लंडमधल्या ग्लूस्टरशायरच्या बॅडमिंटन हाउसवरून नवे नाव पडले आणि ‘पूना’ मागे पडले. शब्द आणि फूल तिकडचे, खेळाची घडण पुण्याची. हे श्रेय काही लहान नाही; त्याला खोट्या व्युत्पत्तीची जोड कशाला?

आणखी एक. आमच्याकडे गल्लीत, शाळेच्या मैदानावर सगळे ‘फूल’च म्हणतात. ‘फूल नेटात अडकलं’, ‘नवं फूल काढ’ हे कानावर पडत नाही असा एक दिवस जात नाही. बातम्यांत मात्र शटलकॉक, नाहीतर नुसते शटल. नंदू नाटेकरांसारखा खेळाडू ज्या मराठी मुलखाने दिला, तिथल्या वर्तमानपत्राला हा रुळलेला शब्द का चालू नये?

कृपया त्या विधानाची दुरुस्ती त्याच पानावर छापावी आणि आपल्या क्रीडा वार्ताहरांना ‘फूल’ लिहू द्यावे.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी