नागेश्वराच्या यात्रेसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे महाशिवरात्रीला, वासोटा किल्ल्याशेजारच्या नागेश्वराच्या गुहेत सातारा-जावळीकडून भाविक येतात, तसेच कोकणातल्या चोरवण्याहून कडा चढूनही येतात. आपल्या बाजूने बामणोलीहून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोट, मेट इंदवलीला वनखात्याची नोंद, मग दाट रानातला चढ. वाटेत फाटा फुटतो : एक वाट वासोट्यावर, दुसरी नागेश्वराकडे. हे कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वर मोबाइलला रेंज नाही. गुहेजवळ कुणाचा पाय मुरगळला तर नुसता निरोप खाली पोचायलाच दोन तास जातात. म्हणून मदत आधीपासूनच जागेवर हवी आणि त्यासाठी हे आवाहन आहे.

सर्वांत आधी बोटीच्या उताराबद्दल. माघ-फाल्गुनापर्यंत जलाशयाचं पाणी मागे हटतं आणि काठाला निसरडा गाळ उघडा पडतो. उतरण्याच्या घाईत सगळे एकाच अंगाला सरकतात, बोट कलते आणि म्हातारी माणसं गाळात पडतात. इथे मुरूम भरलेल्या पन्नास गोण्या आणि सहा-सात फुटी जाड फळ्या लागतील. गोणी तागाची द्या; प्लॅस्टिकची उन्हाने विरते आणि तिचे धागे पाण्यात जातात. लाइफ जॅकेट देणार असाल तर बकल लावून, पट्टा ओढून तपासा. फोम पाणी प्यायलेला असेल तर ते देऊ नका. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं कायम कमी पडतात, ती मिळाली तर फार बरं.

नागेश्वराकडे जाताना काही ठिकाणी घसारा आहे आणि एका अंगाला कोकणकडा. तिथे हाताला धरायला दोर बांधू. अकरा मिलिमीटर जाडीचे, गिर्यारोहणाचे, प्रत्येकी तीस मीटरचे चार दोर हवेत. बांधकामावरचा जुना नायलॉन नको : उन्हाने तो कमजोर होतो आणि भार पडला की न सांगता तुटतो. दोर कातळाच्या धारेवर घासेल तिथे खाली गोणपाट घालावं लागतं, तेही सोबत द्या.

जखमी माणसाला खाली आणायला शहरातलं स्ट्रेचर या वाटेवर वळत नाही. डोलीच कामाची : दहा फुटी भरीव बांबू आणि जाड घोंगडं, अशा तीन जोड्या. डोली मात्र माणसंच उचलतात. एका वेळी दोघं खांदा देतात, दहा मिनिटांत खांदे बदलतात, म्हणून एका डोलीमागे आठजण धरा. पैशापेक्षा आम्हाला ही माणसं अधिक हवीत. चढाची सवय असलेली, दिवसभर थांबू शकणारी.

पाण्याचं सांगायचं तर उन्हं तापली की वरचे झरे आटतात. माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघावं, हे बोटीत बसण्याआधीच सांगणारं कुणीतरी धक्क्यावर हवं. ओआरएसची दोनशे पाकिटं द्या. एक पाकीट एक लिटर पाण्यातच घोळायचं, अर्ध्या बाटलीत टाकलं तर ते जास्त खारट होऊन उलटी होते.

अन्नदानाची इच्छा अनेकांची असते. तरीही हात जोडून विनंती, वर पाकिटबंद खाऊ, पत्रावळी, द्रोण काहीही पाठवू नका. उष्ट्याला माकडं चटावतात, अस्वलं वाटेकडे येतात. पिंडीवर दूध, मध ओतणंही टाळा. वरून ठिबकणारं पाणी तिला अखंड अभिषेक करतंच आहे. कड्याला आग्या मोहळं असतात, त्यामुळे गुहेत आणि वाटेवर धूप, कापूर, फटाके अजिबात नकोत. धूर गेला की माशा उठतात आणि कड्याच्या काठावर पळायला जागा नसते. त्यातून माशा उठल्याच तर तोंड-मान कापडाने झाका, हात न झटकता दाट झाडीत शिरा. वाळल्या पानांत काडी पडली तर वणवा आवरत नाही, हेही विडी ओढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

साहित्य यात्रेच्या आठ दिवस आधी बामणोलीच्या बोट धक्क्यावर पोचवा, म्हणजे वनखात्याकडे नोंद करून ते वेळेत पलीकडे नेता येईल. गुडघे किंवा रक्तदाब साथ देत नसेल तर वर चढू नका. धक्क्यावर याद्या करायला आणि संध्याकाळी परतलेल्यांची नावं एकेक करून जुळवायलाही दहाजण लागतात.

आपले,
बामणोली परिसरातील ग्रामस्थ व स्वयंसेवक